गेलेल्या सोबत्यांच्या नावाने एक दौड

आई-वडील गेले तर त्यांचे दिवस कोणी करायचे, हे आपल्या घरांत कोणाला विचारावे लागत नाही. तिथी ठरलेली असते, पान वाढले जाते, कावळ्याची वाट पाहिली जाते. पण मित्र गेला तर? ज्याच्याबरोबर एका खोलीत तीन हिवाळे काढले, ज्याने आपल्या पहिल्या पगारातून आपल्याला उसने पैसे दिले, त्याचे नाव कोणत्या दिवशी घ्यायचे? त्याची तिथी आपल्या घरच्या पंचांगात लिहिलेली नसते. त्याच्या मुलांना आपला चेहरा ओळखीचा असतो, पण नाव आठवत नाही. चार दिवस हळहळ होते, आणि मग एक सबंध मैत्री कोणाच्याही नोंदीशिवाय संपून जाते.

विलायतेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपुढे हा प्रश्न आता वारंवार येऊ लागला आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत मॉरिशसहून कितीतरी तरुण-तरुणी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इथल्या रुग्णालयांत आले. घरचे कोणी जवळ नव्हते, म्हणून मित्र-मैत्रिणी हेच घर झाले. आज ती पिढी सत्तरीत आणि ऐंशीत आहे, आणि एकेक जण गळू लागला आहे. अंत्यविधीला येथे कित्येकदा दोन-तीन आठवडे लागतात. मित्रासाठी कामावरून रजा मिळाली तर ती बहुधा साहेबाच्या मर्जीनेच मिळते. अशा वेळी आठवण ठेवायची तर ती कशी, याचे एक उत्तर आम्हांस या देशाच्या पायवाटांवर दिसले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते उत्तर म्हणजे स्मृतिदौड. गेलेल्याचे नाव घेऊन, दहा-वीस किंवा शंभर माणसांनी मिळून, रानातल्या वाटेने धावायचे किंवा चालायचे.

स्लाऊची वाट

हे आम्ही स्लाऊहून लिहीत आहोत. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या जवळ असलेले हे गाव कारखान्यांचे म्हणून ओळखले जाते. आपल्या लोकांना येथली धावण्याची गोष्ट सहसा ठाऊक नसते. २४ जुलै १९०८ रोजी लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन दौड विंडसरच्या राजवाड्यातून सुटली, आणि ईटन ओलांडून याच स्लाऊमधून लंडनकडे गेली. दिवस कडक उन्हाचा होता. सुटलेल्या पंचावन्न जणांपैकी निम्मेच शेवटपर्यंत पोचले. इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या आधी मैदानात आला खरा, पण तेथे तो पुन्हा पुन्हा कोसळला. लोकांनी हात देऊन त्याला रेषेपार नेले, म्हणून त्याला बाद करण्यात आले आणि अमेरिकेचा जॉनी हेज विजयी ठरला. मॅरेथॉनचे आजचे अंतर, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, हे त्याच दिवसाच्या मार्गाचे अंतर आहे.

ती शर्यत होती. शर्यतीत हात देणे हा गुन्हा ठरतो. स्मृतिदौडीत हात देणे हेच मुख्य काम असते, आणि दोन्हींतला फरक इथेच आहे.

स्लाऊच्या अप्टन कोर्ट उद्यानात आणि जवळच्याच ब्लॅक पार्कच्या झाडीत शनिवारी सकाळी नऊ वाजता पाच किलोमीटरची दौड असते. तिला पार्करन म्हणतात. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या तेरा धावणाऱ्यांनी ही प्रथा सुरू केली. आज ती कितीतरी देशांत पसरली आहे. पैसे घेत नाहीत. चालत आलात तरी चालते. सर्वांच्या मागे राहण्यासाठी एक स्वयंसेवक मुद्दाम नेमलेला असतो, म्हणजे दमलेल्या माणसाला आपण शेवटचे आलो असे वाटू नये. नेहमीचा एखादा सोबती गेला की अशा मंडळींत त्याच्या आवडीच्या रंगाचे कपडे घालून धावण्याची चाल आहे. भाषण नसते. सुटण्यापूर्वी कोणी दोन वाक्ये बोलतो, आणि सगळे निघतात.

दिवंगतांचे नाव अंगावर लिहून धावण्याची रीतही इथे रुजली आहे. १९९४ साली लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी ६८० स्त्रिया धावल्या. त्या दौडीचे नाव रेस फॉर लाइफ. पुढे ती गावोगाव होऊ लागली. धावणाऱ्याच्या पाठीवर एक कागद टाचलेला असतो, आणि आपण कोणासाठी धावतो ते त्यावर हाताने लिहिलेले असते. मागून धावणारा ते वाचतो. अनोळखी माणसाच्या आईचे, बहिणीचे, मैत्रिणीचे नाव त्याच्या डोळ्यांपुढे मैलभर राहते.

सोबत्यांसाठी धावलेला सैनिक

या प्रकारची एक जुनी आणि मोठी दौड मात्र विलायतेत नाही, दक्षिण आफ्रिकेत आहे. तिचे नाव कॉम्रेड्स, म्हणजेच सोबती. व्हिक क्लॅफम नावाचा एक सैनिक पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रानांतून शेकडो मैल चालला. बरोबरचे कितीतरी जण वाटेत गेले. परत आल्यावर त्याने ठरवले की त्यांच्यासाठी दगडी खांब उभारण्यापेक्षा, त्यांनी जे सोसले त्याचा थोडा अंश आपण दर वर्षी सोसावा. त्याने परवानगी मागितली. हे वेड आहे असे म्हणून ती नाकारण्यात आली. त्याने पुन्हा मागितली. अखेर २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनकडे ३४ जण सुटले आणि त्यांपैकी १६ पोचले. अंतर सुमारे नव्वद किलोमीटरचे. १८९३ साली गांधीजींना आगगाडीतून उतरवले ते हेच पीटरमॅरिट्झबर्ग.

त्या दौडीत काळ्या माणसांना, आपल्या हिंदी लोकांना आणि स्त्रियांना १९७५ पर्यंत अधिकृत प्रवेश नव्हता. सोबत्यांच्या नावाने चालवलेल्या कामातही माणूस भिंती घालतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भिंत पडल्यानंतर मात्र ती दौड खऱ्या अर्थाने सर्वांची झाली, आणि आज महाराष्ट्रातूनही धावणारे तेथे जातात. वाटेत डोंगराच्या कडेला एक बैठकीसारखी कपार आहे. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन तेथे विसावा घेत असे, असे सांगतात. धावणारे आजही तेथे फूल ठेवतात आणि त्याला नमस्कार करून पुढे जातात.

हे आपल्याला परके आहे काय?

कोणी म्हणेल, धावणे-बिवणे गोऱ्यांचे. मराठी माणसाने तरी असे म्हणू नये. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. पण त्याहूनही जवळचे उदाहरण पन्हाळ्याचे आहे.

१६६० सालच्या जुलै महिन्यात, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रात्री निसटले आणि पावसाचिखलातून विशाळगडाकडे निघाले. शत्रूला चकवण्यासाठी शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला आणि मारला गेला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे उभे राहिले ते महाराज गडावर पोचेपर्यंत. ती खिंड पुढे पावनखिंड झाली. आज दर वर्षी त्या दिवसांत हजारो माणसे पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत, मसाईच्या पठारावरून, सुमारे पन्नास किलोमीटर पायी जातात. पाऊस असतो, धुके असते, गुडघाभर चिखल असतो. कोल्हापूरची शाळकरी मुले असतात आणि पुण्या-मुंबईचे कचेरीतले लोकही असतात. बाजीप्रभूंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. बांदलांच्या शेकडो मावळ्यांपैकी बहुतेकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. चालणारा त्या बिननावाच्या माणसांसाठीही चालतो, म्हणून ती वाट आम्हांस सर्वांत मोठी स्मृतिदौड वाटते.

आणि आपल्या बेटावर तर हे कोणी शिकवायलाच नको. महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे पायी निघालेले लोक पाहतच आपण सर्व लहानाचे मोठे झालो. पायाला फोड आलेल्याला पाणी देणारा अनोळखी माणूस, दमलेल्या म्हातारीची कावड उचलणारा पोरगा, हे सारे आपल्या ओळखीचे आहे. तीच पावले, तेच पाणी, फक्त नाव आता गेलेल्या मित्राचे.

शास्त्राचेही याला वावडे नाही. पितृपक्षातल्या महालयात आपण केवळ बाप-आजांचेच स्मरण करतो असा समज आहे. पण त्या यादीत गुरू, शिष्य, स्नेही यांनाही जागा ठेवलेली आहे. मित्रासाठी पाणी सोडायची वाट आपल्या पूर्वजांनी उघडी ठेवली होती, आपण ती वापरीनासे झालो इतकेच.

आमची सूचना

आमची सूचना अगदी साधी आहे. सर्वपित्री अमावास्येच्या आधीचा शनिवार धरावा. भाद्रपद संपत आलेला असतो, गणपती नुकतेच गेलेले असतात, मंडळींची एकमेकांशी गाठ पडलेली असते. विलायतेत तेव्हा हवाही बरी असते.

स्लाऊच्या आसपास दोन वाटा आम्हांस योग्य वाटतात. एक ब्लॅक पार्कमधल्या तळ्याभोवतीची. सगळी झाडी आहे आणि फेरी लहान आहे, त्यामुळे ज्येष्ठांना एक फेरी आणि तरुणांना चार अशी सोय होते. दुसरी ज्युबिली नदीच्या काठची. ही नदी माणसांनी खणलेली आहे. मेडनहेड, विंडसर आणि ईटन यांना पुरापासून वाचवण्यासाठी थेम्सचे पाणी वळवले गेले, आणि २००२ साली हे काम पुरे झाले. सुमारे साडेअकरा किलोमीटरचा तिचा काठ लोकांना चालण्यासाठी मोकळा आहे.

काही गोष्टी पाळाव्यात. प्रत्येकाने एका पांढऱ्या फडक्यावर आपल्या मित्राचे नाव लिहून पाठीला लावावे, आणि ते मराठी अक्षरांत लिहावे. नातवंडांना अक्षर येत नसेल तर आजीने हात धरून गिरवून घ्यावे. तेवढ्यात त्या मित्राची गोष्ट आपोआप सांगितली जाते. घड्याळ लावू नये, पहिला-दुसरा काढू नये, बक्षीस ठेवू नये. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. शेवटी सर्वांनी गोल उभे राहून नावे वाचावीत आणि प्रत्येकाने आपल्या मित्राची एकच गोष्ट सांगावी: तो मासे कसे रांधायचा, ती कोणते गाणे चुकीच्या सुरात म्हणायची, त्याने कोणाला कोठे नोकरी लावून दिली. मग डबे उघडावेत.

उद्यानाच्या कचेरीला आधी कळवावे. चिखलात चालतील असे बूट घालावेत. ज्यांना हृदयाचा किंवा साखरेचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. आठवणीपायी कोणाचे नाव पुढच्या वर्षीच्या फडक्यावर चढू नये. काही पैसे जमले तर ते मरणाच्या दारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावेत, म्हणजे गेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाचे दुखणे थोडे हलके होईल.

ज्यांना इतकेही चालवणार नाही, त्यांच्यासाठी स्लाऊच्या उत्तरेला दोन-तीन मैलांवर स्टोक पोजेसचे जुने देऊळ आहे. टॉमस ग्रे या इंग्रज कवीने त्याच आवारातल्या खेड्यातल्या साध्यासुध्या, नाव नसलेल्या माणसांवर शोककाव्य लिहिले, ते १७५१ मध्ये छापले गेले. आपल्या बेटावर इंग्रजी शाळेत शिकलेल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. रिचर्ड वेस्ट हा त्याचा जिवलग मित्र १७४२ साली ऐन पंचविशीत गेला, आणि त्या दुःखाचा या काव्याशी संबंध जोडला जातो. ग्रे स्वतःही तेथेच विसावला आहे. शेजारी एक स्मृतिउद्यान आहे. तेथे बाकावर बसून नाव घेतले तरी ते घेतल्यासारखेच आहे.

बेटावरच्या वाचकांनीही याचा विचार करावा. ब्लॅक रिव्हरच्या बाजूला आपल्या कितीतरी मराठी घराण्यांचे मूळ आहे, आणि तिकडच्या रानात वाटांना तोटा नाही. एकाच शनिवारी तिकडे सकाळी आणि इकडे थोडी उशिरा, अशी दोन्हीकडे दौड झाली तर इथे गेलेल्याचे नाव तिथे आणि तिथे गेलेल्याचे नाव इथे वाचले जाईल. ज्याला अंत्यविधीला विमान पकडता आले नाही, त्याच्या मनावरचा भार त्याने थोडा तरी उतरेल.

मंडळ नसले तरी अडत नाही. पाच माणसे, पाच फडकी आणि एक चहाची किटली एवढ्यावर सुरुवात होते. या पितृपक्षात कोणाचे नाव लिहायचे आहे, ते आजच घरात एकदा मोठ्याने बोलून पाहावे, ही आमची वाचकांना विनंती आहे.