हाताचा अंदाज भाकरीला, आजाऱ्याला माप!

भरिताला मिरच्या किती, कळण्याच्या भाकरीला मीठ किती, हे आपल्या खानदेशात कुणी मोजत बसत नाही. हाताला सवय असते. पण मैत्रिणींनो, आजाऱ्याच्या उशाशी हाच हात दगा देतो. धुणं धुऊन आलेल्या गार हाताला साधं कपाळही तापलेलं लागतं, आणि शेगडीपुढून उठलेल्या हाताला खरा ताप कळत नाही.

अतिदक्षता विभागातली परिचारिका नाडी, रक्तदाब, श्वास, ताप, लघवी हे सारं ठरल्या वेळी मोजून तक्त्यावर लिहिते. एका आकड्यावरून थोडंच कळतं. आकडा चढतोय की उतरतोय, ते महत्त्वाचं. यातलं थोडं घरीही जमण्यासारखं आहे.

पहिलं माप उन्हाळ्याचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, धुळ्यातही घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा उन्हातून लग्नाहून आलेले मामंजी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजू लागलं, तर थर्मामीटर लावा. १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सियस, किंवा जास्त असेल तर उष्माघात समजा. तापाची गोळी इथे उपयोगी नाही. सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा कमी येतो. म्हणून माणूस बरळत असेल तर आकडा लहान दिसला तरी वाट पाहू नका.

दुसरं माप श्वासाचं. याला तर फक्त सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं. खोकणारं बाळ शांत असताना त्याचं पोट पूर्ण एक मिनिट पाहा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसूच नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मोठे आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचं साधं साधन केलं होतं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की धोका! त्या बायांना जमलं, ते आपल्याला का जमू नये?

तिसरं, औषधाचं. घरातला कुठलाही चमचा औषधाला घेऊ नका; बाटलीबरोबरचं माप वापरा. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम औषध असतं, तर दुसरीत २५०. चमचा तोच, औषध मात्र दुप्पट!

आता एवढंच करा. किराण्याच्या वहीचं मागचं पान राखून ठेवा. तारीख, वेळ, ताप, श्वास, दिलेलं औषध लिहा. डॉक्टरांनी विचारलं, की "अंग गरम लागत होतं हो" असं सांगण्याऐवजी ते पान पुढे करा.