विश्लेषण : मोबाइलवर आलेला भूकंपाचा आकडा कसा वाचायचा?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी भर थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का बसला. घाबरून बाहेर पळताना पडल्याने एका चिमुकलीचा मृत्यू झाला. धक्का बसला की मोबाइलवर आकडा येतो; पण तो वाचायचा कसा? हाच डेटा साक्षरतेचा प्रश्न आहे.

डेटा साक्षरता म्हणजे काय?

हे संशोधनक्षेत्र तसे नवे. अमेरिकेतील अभ्यासक मायलो शील्ड यांनी २००४ मध्ये माहिती, संख्याशास्त्र आणि डेटा या तिन्ही साक्षरतांची एकत्र मांडणी केली. २०१५ मध्ये कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या अभ्यासगटाने व्याख्या केली : आकडेवारी गोळा करणे, सांभाळणे, पारखणे आणि चिकित्सकपणे वापरणे. सुरुवातीला चर्चा ग्रंथपाल आणि विद्यार्थ्यांपुरती होती. आता ती सामान्य नागरिकांपर्यंत आली आहे.

३.१ आणि ४.१ मध्ये फरक किती?

दिसतो त्याहून बराच मोठा. रिश्टरवर आकडा एकने वाढला, की यंत्रावर नोंदले जाणारे कंपन दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट.

मग लहान धक्काही जोरात का जाणवतो?

डहाणू परिसरातील धक्के कमी खोलीवरचे आहेत. केंद्र पायाखालीच असल्याने छोटा धक्काही घर हलवतो. रिश्टरचा आकडा एका भूकंपाला एकच असतो. हादरा मात्र गावागणिक आणि घराच्या बांधणीनुसार बदलतो.

नोंदी वाढल्या म्हणजे धोका वाढला?

लगेच तसे म्हणता येत नाही. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली. यंत्र जवळ आले, की पूर्वी न टिपले जाणारे बारीक धक्केही नोंदले जातात. म्हणून आधी विचारावे : धक्के वाढले, की फक्त नोंदी?

आकडा काय सांगत नाही?

पुढचा धक्का कधी बसेल, हे कोणताही आकडा सांगत नाही. त्यामुळे ‘आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप’ असा संदेश आला, तर तो पुढे पाठवू नये. अशा संदेशाने उडणारी धावपळही जिवावर बेतू शकते.