छोट्या कॉलेजातलं नर्सिंग: आधी वॉर्ड बघा

मुलीला नर्सिंगला घालायचं म्हटलं की पालक आम्हाला हमखास विचारतात, "तालुक्याच्या गावात एक छोटं खासगी कॉलेज आहे, तिथं घालावं का?" आम्ही लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी दोन गोष्टी बघून या, असं सांगतो.

पहिली गोष्ट, नोंदणी. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. तिन्हींना बारावी लागते. हे शिकून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलं की ती मुलगी कायद्याने नर्स. आता, 'दहावीनंतर एका वर्षात नर्स व्हा' अशी पाटी कुठं दिसली तर समजून जा, त्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी होणार नाही. रुग्णसेवेचे छोटे कोर्स वाईट नाहीत, त्यातून सहायक म्हणून काम मिळतं. पण सहायक आणि नर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेली मुलगी सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसते आणि 'नोंदणी क्रमांक' या रकान्याशी अडते. तोवर पैसेही गेलेले असतात आणि वर्षंही.

दुसरी गोष्ट, वॉर्ड. नर्सिंग पुस्तकातून अर्धंच येतं. एक साधं गणित घ्या. डॉक्टरांनी लिहिलं, ५०० मिली सलाईन चार तासांत द्या. सेट असा की २० थेंबांचा एक मिली. म्हणजे एकूण १०,००० थेंब, २४० मिनिटांत. मिनिटाला साधारण ४२. हे वर्गात फळ्यावर कुणालाही जमतं. पण रात्री दोन वाजता, म्हातारे आजोबा हात हलवतायत, थेंब कधी अडतायत तर कधी धावतायत, अशा वेळी घड्याळ धरून तो वेग जुळवायचा, हे रुग्णाच्या खाटेपाशीच शिकता येतं. पुतळ्याच्या हाताला सूज येत नाही आणि तो "सिस्टर, दुखतंय" असंही म्हणत नाही.

म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे: एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. वॉर्डात एका वेळी २० मुली असतील तर ६० रुग्ण हवेत. खाटा नव्हे हं, रुग्ण! कागदावर खाटा भरपूर आणि चादरींना घडीसुद्धा पडलेली नाही, असं असेल तर मुली शिकणार कुणावर?

तेव्हा प्रवेश घेण्याआधी एकदा सकाळी त्या हॉस्पिटलात जाऊन बसा. ओपीडीला गर्दी आहे का, बाळंतपणं होतात का, मुलींसोबत शिकवणाऱ्या सिस्टर वॉर्डात उभ्या असतात का, ते बघा. शेवटच्या वर्षातल्या मुलींना बाजूला घेऊन विचारा, "प्रसूती स्वतः किती केल्यात?" केस बुकातला आकडा आणि तोंडी आकडा जुळला पाहिजे.

छोटं कॉलेज म्हणजे वाईट कॉलेज, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट तिथं शिकवणाऱ्यांना प्रत्येक मुलगी नावानिशी ठाऊक असते, कुणाचा हात कापतो तेही माहीत असतं. मोठ्या ठिकाणी हे क्वचित मिळतं. छोट्या कॉलेजाला भरलेल्या वॉर्डाची जोड असेल तर बिनधास्त घाला.

आता तुमचे प्रश्न घेऊया.