सागरबेटांवरील प्रौढवर्ग

मोठ्या माणसाला अक्षर शिकवणे अवघड जाते, ते त्याची बुद्धी मंद झालेली असते म्हणून नव्हे. त्याला लाज अधिक असते. संघटनेच्या पत्रकावर अंगठा उमटवताना शाईचे बोट पदराआड लपवणारी बाई मी पुष्कळदा पाहिली आहे. तिला 'वर्गाला या' म्हणून हुकूम सोडणारे पुष्कळ भेटतात; तिच्या शेजारी बसणारा क्वचित भेटतो.

या दृष्टीने अमेरिकेतील एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. दक्षिण कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्याला लागून जॉन्स नावाचे बेट आहे. तेथील बहुतेक वस्ती गुलामांच्या वंशजांची. शेतमजुरी करावी, नाहीतर चार्ल्स्टन शहरात कामाला जावे. त्या काळी मतदारयादीत नाव घालायचे तर राज्यघटनेतील कलम वाचून-लिहून दाखवावे लागे, किंवा ३०० डॉलरांच्या मालमत्तेवर कर भरल्याचे दाखवावे लागे. वाचता येत नाही म्हणून मत नाही; मत नाही म्हणून शाळेकडे कोणी पाहत नाही, असा तो पेच!

ईसॉ जेन्किन्स हा तेथला गृहस्थ आपल्या बसमधून मजुरांना रोज शहरात नेई, आणि वाटेत त्यांना घटनेची कलमे समजावून देई. ॲलिस वाइन नावाच्या बाईने तर ती पाठ केली. पण पाठांतराने तिचे समाधान होईना. तिला वाचायचे होते.

जेन्किन्स १९५४ साली टेनेसी राज्यातील हायलँडर लोकशाळेत गेले आणि तेथे त्यांनी हे गाऱ्हाणे मांडले. ही शाळा माइल्स हॉर्टन यांनी डेन्मार्कमधील लोकविद्यालये पाहून आल्यावर १९३२ साली काढली होती. आरंभी तेथे कामगार संघटनांचे कार्यकर्ते तयार होत, आणि गोरे-काळे एका पंक्तीस जेवत. मला या शाळेविषयी जिव्हाळा वाटतो तो त्यामुळे, हे कबूल करतो.

हायलँडरच्या मंडळींनी प्रथम एक साधी चौकशी केली. बेटावर पूर्वी सरकारी प्रौढवर्ग होता, तो ओस का पडला? उत्तर असे मिळाले की, मोठ्या माणसांना पोरांच्या बाकांवर बसवीत आणि पोरे त्यांना हसत. मग ठरले की, शाळेची इमारत नको आणि पेशाचा शिक्षकही नको. बाहेरून आले ते बिनव्याजी कर्ज. त्यातून बेटावरच्या लोकांनी एक जुनी इमारत घेतली, पुढे सहकारी दुकान थाटले आणि मागच्या खोलीत वर्ग भरवला. दुकान पुढे असल्याने गोऱ्या लोकांची नजर सहसा मागे जात नसे.

शिकवायला बर्निस रॉबिन्सन आल्या. त्या केशभूषा करणाऱ्या. त्यांनी नकार दिला होता. आपण शिक्षिका नाही, असे त्यांचे म्हणणे. सेप्टिमा क्लार्क व हॉर्टन यांना मात्र हीच गोष्ट हवी होती. जानेवारी १९५७ मध्ये, शेतीची कामे कमी असताना, १४ जणांचा वर्ग सुरू झाला. रॉबिन्सनबाईंनी बालवाचने आणली होती. ती पहिल्याच दिवशी बाजूला पडली. तुम्हांला काय शिकायचे आहे, असे त्यांनी विचारले. कोणाला आपले नाव लिहायचे होते, कोणाला मनीऑर्डर भरायची होती, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला परगावच्या मुलांची पत्रे. तोच अभ्यासक्रम झाला! मतदार-नोंदणीचा अर्जही त्यातच आला. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा होता.

नाव गिरवायला आम्हीही शिकवतो, पण पुष्कळदा तेथेच थांबतो. सही आली की आकडा अहवालात जातो. त्या वर्गातील सही मात्र नोंदणी-कचेरीत जाऊन कागदावर उमटायची होती, म्हणून तिला जोर होता.

पुढे शेजारच्या बेटांवर असे वर्ग निघाले. १९६१ साली टेनेसी राज्याने हायलँडरची सनद रद्द केली. तोवर हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवले गेले होते, म्हणून ते बुडाले नाही. १९६५ च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतील बहुतेक राज्यांत ती वाचनपरीक्षाच बंद पडली. हायलँडरही दुसऱ्या नावाने आज टेनेसीतच उभी आहे.

आणि क्लार्कबाई? १९१६ साली त्या याच जॉन्स बेटावर शिक्षिका म्हणून आल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ साली चार्ल्स्टनच्या शाळाखात्याने त्यांची नोकरी काढून घेतली. १९७० नंतरच्या दशकात त्याच चार्ल्स्टनच्या शाळामंडळावर लोकांनी त्यांना मतांनी निवडून दिले.