पोटात एक, पोटावर सहा

खरं सांगा. आंघोळीनंतर आरशासमोर उभं राहून, दाराला कडी आहे ना हे बघून, तुम्ही कधी पोट आत ओढलंय? ओढलंय ना? द्या टाळी! म्हणजे आपण एकाच पार्टीतले. मीसुद्धा कित्येक वर्षं रोज सकाळी दहा सेकंद हिरो व्हायचो. अकराव्या सेकंदाला श्वास सोडला, की हिंजवडीला जाणारा कोथरूडकर परत हजर.

या खुळाची जन्मतारीखही मला पाठ आहे. नोव्हेंबर २००७. ‘ओम शांती ओम’ लागला आणि ‘दर्द-ए-डिस्को’मध्ये बेचाळीस वर्षांच्या शाहरुखच्या पोटावर सहा वड्या दिसल्या. मी तेव्हा आठवीत. पुढच्या डिसेंबरात ‘गजिनी’ आला, आमिरने आठ दाखवल्या. मधल्या सुट्टीत आम्ही शर्ट वर करून एकमेकांची पोटं मोजायचो. सगळ्यांचा स्कोअर शून्य!

पुढे कॉलेज, नोकरी, कॅबमधली झोप. खूळ डोक्यात राहिलं, पोटावर काही उतरलं नाही. तशी गरजही वाटत नव्हती, कारण मी पडलो बारीक. उंची ५ फूट ८ इंच, वजन ६८ किलो. लग्नाकार्यात भेटणाऱ्या प्रत्येक मावशीचा एकच डायलॉग: ‘काही खातोस की नाही रे?’ फक्त टी-शर्टच्या आत, बेल्टच्या थोडं वर, एक छोटंसं टेकाड होतं. ते मावशीला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

मग एकतिसाव्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. बीएमआय २२.७, नॉर्मल. उपाशीपोटी साखर १०८. शंभरच्या आत हवी. कमरेचा घेर ९२ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० ला आहे, बायकांसाठी ८० ला. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘घरात कोणाला डायबेटिस?’ बाबांना. शेचाळिसाव्या वर्षापासून. म्हणजे माझ्याकडे पंधरा वर्षं होती. आणि हा हिशेब मी पार्किंगमध्ये बाईकवर बसून, किल्ली न लावता, तीनदा केला.

फोटोतले दोन डॉक्टर

बारीक माणसाला ही भानगड कुठून? याचं उत्तर आमच्या पुण्यातच सापडलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसरांची २१.२! सोबत मिश्कील खुलासाही आहे: एक जण मॅरेथॉन धावतो, दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत ते गाठणं.

लिफ्ट वाचली आणि मी खल्लास. हा तर मीच! वरून सुकट, आतून तूप. याज्ञिकांच्या अभ्यासात तर पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंसुद्धा तशीच निघाली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला कितीतरी कमी, पण चरबी राखून ठेवलेली. म्हणजे आपला खेळ जन्मापासूनच जरा अवघड पिचवर.

तेव्हा ठरवलं. साखर खाली आणायचीच आहे, तर शाहरुखचं पोटही मिळवून टाकू. नुसत्या ‘डॉक्टरांनी सांगितलंय’वर मी पहाटे सहाला उठणारा माणूस नाही हो. लालूच लागतेच.

तीनशे क्रंचेस आणि एक डबा

पहिले दोन महिने मी तेच केलं जे सगळे करतात. रोज क्रंचेस. पन्नासपासून सुरुवात, मग शंभर, मग तीनशे. पोट दगड झालं, पण तो दगड गादीखाली! वरची गादी जशीच्या तशी. जिमच्या ट्रेनरने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘सर, तुमचं फॅट जिद्दी आहे. हे घ्या.’ साडेचार हजारांचा फॅट बर्नरचा डबा. चार दिवस घेतला. पाचव्या दिवशी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या छाती अशी धडधडायला लागली, की मला वाटलं आता प्रमोशनच्या आधीच वर जातोय. डब्यावरचं बारीक अक्षर तेव्हा वाचलं. मुख्य माल कॅफिन. डबा कचऱ्यात.

आता फंडा सांगतो, जो कुणीतरी आधी सांगायला हवा होता. पोटावरचा स्नायू प्रत्येकाकडे असतोच. छातीच्या पिंजऱ्यापासून खाली ओटीपोटापर्यंत दोन उभे पट्टे, मध्ये एक पांढरी शिवण. त्या पट्ट्यांना आडव्या गाठी मारल्यासारख्या दोऱ्या असतात, साधारणपणे तीन. त्यांच्यामुळेच ‘पॅक’ दिसतात. दोऱ्या किती आणि कुठे, हे आईबाबांकडून येतं. कोणाला चार, कोणाला सहा, कोणाला आठ. डावी-उजवी बाजू वाकडीतिकडीही असते. जन्मात कितीही क्रंचेस मारा, चाराचे सहा होत नाहीत.

आणि वरची गादी त्या जागेचा व्यायाम करून त्याच जागची जात नाही. २०११ साली अमेरिकेत २४ जणांवर हे करून पाहिलं. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस फक्त पोटाचे व्यायाम केले. पोटाची ताकद वाढली, चरबी तिथेच. शरीर चरबी काढतं ती सगळीकडून, स्वतःच्या मर्जीने. आम्हा पुरुषांची बेंबीभोवतीची बहुधा सगळ्यात शेवटी.

आईच्या बुधलीचं ऑडिट

मग खरं युद्ध सुरू झालं. जिममध्ये नाही, स्वयंपाकघरात.

एका रविवारी मी वही घेऊन बसलो. आमच्या तिघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल. म्हणजे माणशी रोज ४४ मिली, साधारण ३६० कॅलरी! पोळी नाही, भाजी नाही, नुसती फोडणी. माझे ऑफिसातले पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, आणखी दोनशे. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ती एका आठवड्यात उडवायची भाषा करणारा माणूस एकतर तुम्हाला येडा बनवतोय किंवा पाणी उडवतोय. मी रोज तीनशे-चारशेची तूट ठरवली.

आईला म्हटलं, ‘तेल निम्मं करूया.’

‘म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला वाईट खायला घातलं?’

बॉस, याला उत्तर नाही. कुठल्याच डाएट चार्टमध्ये नाही. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पोहे कोरडे ठणठणीत आले, मुद्दाम. मी मुकाट्याने संपवले. शेवटी बाबा मध्ये पडले. तेही काय, ‘माझी साखर तपासायची सुई त्याच्या हातात बघायची आहे का तुला?’ एवढंच. त्या संध्याकाळी आईने बुधली वर ठेवून दिली आणि बरणीत चमचा टाकला.

दुसरी बोंब प्रोटीनची. वहीत बेरीज केली तर दिवसाला जेमतेम ४५ ग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे माझ्यासारख्याला ५६. आणि वजनं उचलणाऱ्यांचे ४९ अभ्यास एकत्र करून २०१८ साली निघालेला आकडा किलोमागे १.६, म्हणजे मला जवळजवळ ११०. वरण म्हणजे प्रोटीन, अशी आपली समजूत. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम असतं, बाकी पाणी आणि प्रेम.

मग रोजचा मेनू असा बसला: चार अंडी २४, पन्नास ग्रॅम सोया चंक्स २६, वरण आणि मटकीची उसळ १४, चार पोळ्या १२, दूध-दही १२, शंभर ग्रॅम पनीर १८. झाले १०६. रोजचा वडापाव फक्त शुक्रवारी. चहा दोन, बिनसाखरेचे. आमच्याकडे अंड्यांचं पातेलं वेगळं आणि त्याचा मुक्काम गॅलरीत. सोया चंक्स चाखून आई म्हणाली, ‘ढेपेसारखं लागतंय.’ खोटं कशाला बोला, लागतं. मिसळीच्या कटात टाकलं तर नाही लागत. (कट वरचा तवंग काढून. हो, मी तवंग काढतो. करा निषेध!)

लोखंड

व्यायामात क्रंचेस जवळजवळ बंद. आठवड्यात तीन दिवस, पाऊण तास: स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, पुल-अप. शेवटी थोडं प्लँक आणि लटकून पाय वर. पोटाचे स्नायू जड स्क्वॉटमध्येही राबत असतात, कणा सरळ धरायला. पहिल्या दिवशी रिकाम्या बारखाली माझे गुडघे लटपटले. वीस किलोचा नुसता दांडा! दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, अडलं तर तिथेच थांबायचं. सहाव्या महिन्यात सत्तर किलो खांद्यावर घेऊन बसलो आणि उठलोसुद्धा. त्या दिवशीचा आनंद पुढे पॅक दिसल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता, हे लेखाच्या विषयाला सोडून आहे, तरी नोंदवून ठेवतो.

यात साखरेचाही फायदा होता. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. गिऱ्हाईक धडधाकट, तर माल पडून राहत नाही.

सगळ्यात जास्त नडली ती झोप. क्लायंट अमेरिकेत, रात्री साडेअकराचा कॉल. डाएट चोख, लोखंड चोख, आणि तरी दीड महिना टेप हलेना. २०१० चा एक छोटा प्रयोग वाचला. तीच दहा माणसं, जेवण मोजूनमापून तेच. फक्त चौदा दिवस साडेआठ तास आणि चौदा दिवस साडेपाच तास बिछान्यात. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, जवळपास तीन किलो. पण कमी झोपेत गेलेली चरबी निम्म्याहून कमी, स्नायूच जास्त गेले. मी मॅनेजरकडे गेलो आणि आठवड्यात दोनच लेट कॉल मागितले. ‘सिक्स पॅकसाठी’ म्हणायची हिंमत नव्हती. रिपोर्ट दाखवला. मिळाले.

सात वाजून दहा मिनिटं

दहाव्या महिन्यात घेर ८१ वर आला. साखर ९३. डॉक्टरबाई खूश. खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण वरच्या दोन वड्या दिसायला लागल्या होत्या आणि माणूस हावरट असतो. म्हटलं, अजून सहा आठवडे.

हे सहा आठवडे आधीच्या दहा महिन्यांना भारी पडले. पुरुषाच्या पोटावर स्पष्ट रेघा दिसायला चरबी साधारण दहा-बारा टक्क्यांपर्यंत उतरावी लागते आणि शरीर ते मुकाट्याने होऊ देत नाही. रात्री दोनला भुकेने जाग. एसीत स्वेटर. स्क्वॉट दहा किलोनी घसरला. मित्राच्या साखरपुड्यात मी ताटातला बटाटा बाजूला काढत बसलो आणि मित्राने ते पाहिलं. माझ्या टीममधली एक मैत्रीण याच वाटेने गेली होती. तिची पाळी तीन महिने बंद पडल्यावर तिच्या डॉक्टरांनी थांबवलं. बायकांच्या शरीराला चरबी जास्त लागते, तिथे हा हट्ट जास्त महाग.

दिवाळी आली. आईने करंजीचा डबा टेबलावर ठेवला आणि काही बोललीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पाडव्याच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, रिकाम्या पोटी, खिडकीतल्या तिरप्या उजेडात मी फोटो काढला. घेर ७८, वजन साडेबासष्ट. वड्या पाच. म्हणजे उजवीकडे तीन, डावीकडे दोन आणि एक पुसट. वाकड्या. फोटो आईला दाखवला. ती चष्मा लावून बघत राहिली. ‘अगंबाई, बरगड्या मोजता येतायत की रे.’ मग बाबांनी फोन हातात घेतला, झूम केला. ‘माझं असंच होतं वाकडं,’ म्हणाले. ‘लग्नाच्या आधी.’

मी आठ वाजता करंजी खाल्ली. तीन खाल्ल्या.

संक्रांतीपर्यंत खालची ओळ गायब झाली, आता वरच्या दोन वड्या तेवढ्या अधूनमधून दर्शन देतात. घेर ८२ वर टिकलाय, साखर ९४. स्क्वॉट पंच्याहत्तर. तेल महिन्याला दोन लिटर, करंज्यांचं सोडून. तो आईचा विशेष निधी. परवा रात्री कॉलवर होतो, तर हॉलमधून धप्प आवाज आला. जाऊन बघतो तर बाबा खुर्चीवरून उठतायत, बसतायत, उठतायत. दोन्ही हातांत माझी पाच-पाच किलोची डंबेल्स. आई शेजारी बसून मोजत होती.

‘नऊ,’ ती म्हणाली. ‘मघाचं अर्धं धरत नाही मी.’