पहिल्या दोन इयत्तांतील बैठक आणि हालचाल

पहिलीचे मूल वर्गात स्वस्थ बसत नाही, ही तक्रार शिक्षकांच्या तोंडी नेहमी असते. ते पाय हलवते, मागे वळते, कारण नसता उठते. या चुळबुळीला बेशिस्त हे नाव देऊन ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अशी आज्ञा आपण करतो. ही आज्ञा ज्याला पाळता येत नाही ते मूल हूड ठरते, आणि शाळेच्या पहिल्याच वर्षी ‘आपल्याला शाळा जमत नाही’ अशी त्याची समजूत होऊन बसते. म्हणून वर्गातील बैठकीचा प्रश्न केवळ सामानसुमानाचा नाही. मुलाच्या शाळेवरील प्रेमाचा आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलाची हाडे व स्नायू वाढीस लागलेले असतात. दंड आणि पाय यांचे मोठे स्नायू आधी बळकट होतात. बोटांच्या बारीक हालचालींवर ताबा मागाहून येतो. शरीर निश्चल ठेवणे हेही या वयात श्रमाचेच काम असते. ज्याची सारी शक्ती स्थिर राहण्यात खर्च होते, त्याचे लक्ष पाठाकडे कसे राहावे? पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे चांगली शारीरिक हालचाल घडावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. त्यातील काही भाग वर्गातही सहज साधता येतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह उघडले, तेव्हा जड बाकांऐवजी मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी मेजे व लहान खुर्च्या ठेवल्या आणि जमिनीवर आसन घालून काम करण्याची मोकळीक दिली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर याच तत्त्वाला ग्रामीण रूप दिले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवावी, असा त्यांचा प्रयोग होता. तेथे बाक नव्हते. तथापि शिक्षण होते.

यावरून आपल्या शाळांनी एक बोध घ्यावा. अनेक गावी लोकवर्गणी जमली की प्रथम बाकांचा विचार होतो. गावकऱ्यांचा हेतू स्तुत्य आहे. परंतु एकाच उंचीच्या बाकावर पहिलीच्या मुलाचे पाय लोंबकळत राहतात, आणि दाटीवाटीने मांडलेल्या बाकांमुळे वर्गातील मोकळी जमीन नाहीशी होते. वरच्या इयत्तांना बाक अवश्य द्यावेत. पहिली-दुसरीला मात्र स्वच्छ फरशी, सतरंज्या आणि लिहिताना पाठ वाकू नये म्हणून पाटीखाली ठेवावयास बुटकी मेजे अधिक उपयोगी पडतील. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मुख्याध्यापकांनी हे समजावून सांगावे.

बैठक कामाप्रमाणे बदलावी. गोष्ट, गाणे व संभाषण यांसाठी अर्धवर्तुळ करावे, म्हणजे प्रत्येकाला शिक्षकांचा चेहरा दिसतो. चिंचोके व काड्या घेऊन मोजणी करताना चार-पाच मुलांचे गट करावेत. भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवून घेतल्यास मुले उभ्याने लिहू शकतात. जमिनीवर संख्यारेषा आखून, ३ वर उभे राहून ४ पावले पुढे गेलेले मूल ७ वर पोचते, आणि बेरीज म्हणजे काय हे त्याला कळते. साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या बैठ्या कामानंतर असे चालते काम द्यावे. दोन शिक्षकी शाळेत ही पद्धत विशेष सोयीची आहे. एक गट कोपऱ्यात स्वतः काम करीत असता शिक्षकांना दुसऱ्या गटाला शिकविता येते.

यामुळे गोंधळ माजेल, अशी शंका काही शिक्षकबंधू-भगिनी घेतील. ती रास्त आहे. मोकळीक म्हणजे वाटेल ते करणे नव्हे. टाळी किंवा खंजिरी अशी एकच खूण ठरवावी. ती ऐकताच सर्वांनी थांबावे, हे पहिल्या आठवड्यात सरावाने शिकवावे. वस्तू जेथून घेतली तेथेच ठेवण्याचा नियम असावा. सतरंज्या घालणे व गुंडाळणे हे काम मुलगे व मुली दोघांनीही पाळीपाळीने करावे. खोली लहान असल्यास ओसरी किंवा झाडाची सावली वापरावी.

बदलत्या बैठकीचा आणखी एक लाभ मोठा आहे. ज्या वर्गात जागा कायमच्या ठरलेल्या असतात, तेथे मागच्या कोपऱ्यातील मूल वर्षभर मागेच राहते. जागा बदलत राहिल्या म्हणजे प्रत्येक मूल शिक्षकांच्या जवळ येते, आणि वाडीवस्तीचा किंवा जातीपातीचा विचार न करता कोणाच्याही शेजारी बसण्याची सवय लागते. ज्याला कमी दिसते वा ऐकू येते त्याला मात्र पुढेच बसवावे. ज्याला जमिनीवर बसणे कठीण जाते त्याला खुर्ची द्यावी.

अंगठे धरून उभे करणे यांसारख्या शिक्षांना बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. परंतु केवळ शिक्षा थांबविल्याने कार्य पुरे होत नाही. ज्या चुळबुळीसाठी ती शिक्षा होत असे, तिला कामाची दिशा दिली पाहिजे. शिक्षकांनी एक आठवडा आपल्या वर्गाचे निरीक्षण करावे: कोणते मूल केव्हा उठते, कोणत्या कामात रमते, कोण दिवसभर बोललेच नाही. या टिपणावरून पुढील आठवड्याची बैठक ठरवावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत असे अनुभव परस्परांस सांगितले, तर एका वर्गात साधलेली सुधारणा साऱ्या केंद्रात पसरण्यास वेळ लागणार नाही.