धूर कोणाचा, खोकला कोणाचा?

दिवाळी सरली की भोकरदनकडे थंडी चांगलीच जाणवू लागते. खेड्यापाड्यांतील घरांची दारे-खिडक्या संध्याकाळीच लागतात. एकाच खोलीत आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले झोपतात. जेवणे झाली की आजोबा भिंतीला टेकून बिडी पेटवतात. बिडी आजोबांची, सवयही आजोबांची. मग पलीकडे गोधडीत झोपलेली पाच वर्षांची नात रात्रभर का खोकते?

हा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक मुले 'थंडीमुळे' असे उत्तर देतील. हे उत्तर अगदीच चूक नाही, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर शोधण्यासाठी आपण एक साधा प्रयोग करू.

वर्गाची दारे-खिडक्या बंद करा. मुलांना डोळे मिटून बसायला सांगा. एका कोपऱ्यात एकच उदबत्ती लावा आणि 'वास आला की हात वर करा' असे सांगा. आधी जवळचे हात वर होतील, मग मधले, आणि थोड्या वेळाने शेवटच्या बाकावरचेही. हे झाले की उदबत्ती विझवून खिडक्या उघडा. (वर्गात कोणाला दमा असेल, तर हा प्रयोग करू नका.) आता मुलांना विचारा : उदबत्ती कोपऱ्यात होती, मग वास सगळ्यांना कसा आला? बिडीचा धूरही असाच पसरतो. खोलीत 'ओढणाऱ्याची हवा' आणि 'न ओढणाऱ्याची हवा' अशा दोन हवा नसतात.

या धुराचे दोन भाग असतात. एक, ओढणाऱ्याने आत घेऊन बाहेर सोडलेला. दुसरा, जळत्या टोकातून परस्पर हवेत जाणारा. सिगारेटचा झुरका घेताना टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत चढते. दोन झुरक्यांच्या मधे ते बरेच खाली येते आणि ज्वलन अपुरे होते. चुलीत ओले लाकूड घातले की ती कशी धुमसते, ते आपण पाहतोच. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि कर्करोगकारक द्रव्ये अधिक प्रमाणात तयार होतात. म्हणजे कोणीही न ओढलेला हा बाजूचा धूर सौम्य तर नसतोच, उलट तितक्याच वजनाच्या ओढलेल्या धुरापेक्षा अधिक विषारी असतो. टेंभुर्णीच्या पानात वळलेली बिडी लवकर विझते, म्हणून ती सारखी ओढावी लागते. तिच्या बाबतीत सोडलेल्या धुराची भर मोठी असते.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरतात. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट आणखी वेगळी. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एस.टी.तील जागा आधीच कोणी अडवून बसावे, तसे होते. प्राणवायूला जागाच उरत नाही.

याचा फटका मुलांना जास्त का बसतो? आपल्या वर्गातील मुलांना स्वस्थ बसून एका मिनिटातील श्वास मोजायला सांगा. घरी जाऊन मोठ्या माणसाचे आणि धाकट्या भावंडाचेही मोजायला सांगा. मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ श्वास घेतो, पाच वर्षांचे मूल २० ते २५ आणि तान्हे बाळ ३० ते ६०. शिवाय मुलांची फुप्फुसे अजून वाढत असतात. म्हणून धुराच्या घरातील मुलांना खोकला, दमा, न्यूमोनिया आणि कान फुटणे हे त्रास अधिक होतात. चुलीचा आणि शेकोटीचा धूरही निरुपद्रवी नाही. पण बिडी विझवण्यासाठी नवी चूल घ्यावी लागत नाही.

दुसऱ्याच्या धुराने कर्करोग होतो, हे शास्त्रज्ञांनी ओळखले कसे? जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षे नोंद ठेवली. १९८१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पती जितका अधिक धूम्रपान करणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक होता. दिवसाला वीस किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांच्या पत्नींमध्ये तो जवळजवळ दुप्पट आढळला. त्या वेळी यावर बराच वाद झाला. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ही वाढ सरासरी २० ते ३० टक्के निघाली. आकडा कमी झाला, पण धोका खराच ठरला.

उलट बाजूचाही पुरावा आहे. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी झाली. पुढच्या वर्षभरात, पाहणी केलेल्या नऊ रुग्णालयांत हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली. या घटीत धूम्रपान न करणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे या प्रश्नाला मुंबईतून चालना मिळाली. मुंबईचे मुरली देवरा यांनी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. धूम्रपान न करणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का सोसावा, हा तिचा गाभा होता. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सभागृहे, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नवे नियम देशभर लागू झाले. त्यामुळे भोकरदनच्या एस.टी.त किंवा शाळेच्या आवारात बिडी पेटवली, तर तिला हरकत घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. धूर मात्र थांबत नाही.

घरात काय करता येईल? 'खिडकी उघडली की झाले' ही समजूत पुरी पडत नाही. बिडी अंगणात ओढणे त्याहून बरे, पण खरा उपाय ती सोडणे हाच. 'आता या वयात सोडून काय उपयोग?' असे आजोबा म्हणतील. त्याला शरीरच उत्तर देते. शेवटच्या बिडीनंतर वीस मिनिटांत नाडी उतरू लागते. एक-दोन दिवसांत रक्तातील जादा कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. काही महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, जवळपास निम्मा होतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे डॉक्टरांचीच पाहणी केली. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन, असे त्यांना आढळले.

एक सावधगिरी मात्र हवी. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. बिडी सोडून तंबाखू-चुना धरला, तर नातीचा खोकला थांबेल, पण आजोबांचे तोंड धोक्यात येईल. हे सोडणे नव्हे.

सोडणे सोपे नाही, हेही मान्य करू. निकोटिनची सवय मेंदूला लागलेली असते. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी पिणे, चार पावले चालणे, बडीशेप चघळणे उपयोगी पडते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपण शिक्षकांनी मुलांना घरी भांडायला पाठवू नये. मोजलेले श्वास आणि उदबत्तीचा प्रयोग तेवढे त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्यावेत. आपल्यापैकी कोणी मधल्या सुट्टीत टपरीमागे उभे राहत असतील, तर सुरुवात तिथूनच करावी. 'आजोबा, मी मिनिटाला चोवीस श्वास घेते आणि तुम्ही सोळा,' असे नात सांगेल, तेव्हा पुढचे गणित आजोबांना आपणहून सुटेल.